प्रथम अपिलीय अधिकारी साहेब, सुनावणी घेताय की उरकताय?

प्रति,
राज्यातले तमाम प्रथम अपिलीय अधिकारी
(तहसीलदार, गटविकास अधिकारी, मुख्याधिकारी, उपअभियंता, शिक्षणाधिकारी आणि यादीत राहिलेले बाकी सगळे)

नमस्कार,

माहिती अधिकारावर कुणी लिहायला बसलं की एकतर राज्य माहिती आयोगाला झोडपतं नाहीतर अर्जाला उत्तर देणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला, आणि तुम्ही मधल्यामधे अलगद सुटता. पेपरात तुमचं नाव नाही, दंड झाल्याची बातमी नाही, विधानसभेत प्रश्न नाही. म्हणून हे पत्र मुद्दाम तुम्हाला. आयोगाला लिहून झालंय, मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागालाही लिहून झालंय, तिथून 'आपले पत्र पुढील कार्यवाहीस्तव पाठविण्यात येत आहे' असं पत्र येतं आणि ते पत्र शेवटी फिरून फिरून तुमच्याच ऑफिसात येऊन पडतं, तर म्हटलं थेटच बोलू.

मी कुठल्या संघटनेची पदाधिकारी वगैरे नाही. आमच्या तालुक्याच्या गावात लोकांना अर्ज लिहून देते. जोडपत्र अ, म्हणजे माहितीच्या अर्जाचा नमुना, भरून दे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प कुठे लावायचा ते दाखव, पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका म्हणून बजाव, असलं काम. आणि तीस दिवस उलटले की जोडपत्र ब भरून वीस रुपयांचा स्टॅम्प लावून तुमच्याकडे अपील. त्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या केबिनमधे मी बसलेली आहे. म्हणजे खरं तर उभी राहिलेली आहे, त्यावर पुढे येतेच.

आधी कायद्यात तुमची जागा काय आहे ते बघू, कारण कित्येक साहेबांनी माहिती अधिकार कायद्याचं कलम १९ कधी उघडूनसुद्धा बघितलं नसावं असं आदेश वाचून वाटतं. कलम १९(१) प्रमाणे तुम्ही जन माहिती अधिकाऱ्यापेक्षा वरिष्ठ. अपील आलं की ३० दिवसांत निकाल, फार तर ४५ दिवसांत, आणि तीसच्या वर दिवस घेतले तर त्याची कारणं लेखी नोंदवायची, हे १९(६). माहिती नाकारली ती बरोबर होती हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची नाही, नाकारणाऱ्याची, हे १९(५). आणि २००७ मधे केंद्राच्या कार्मिक विभागाने तुमच्यासाठी खास परिपत्रक काढलं की हे काम अर्धन्यायिक स्वरूपाचं आहे, आदेश कारणांसहित पाहिजे. म्हणजे त्या अर्ध्या तासापुरते तुम्ही साहेब नसता, जवळजवळ न्यायाधीश असता. संसदेनं ही मधली पायरी उगाच नाही ठेवली. खालच्या टेबलावर चुकलं तर त्याच ऑफिसातल्या वरच्या माणसाने ते तिथल्यातिथे दुरुस्त करावं, लोकांना मुंबई-पुणे-नागपूरच्या खंडपीठापर्यंत धावायला लागू नये, एवढा साधा हिशोब होता.

आणि होतं काय? मी तुम्हाला एक आदेश जसाच्या तसा सांगते, नाव-गाव काढून. वर 'वाचा' म्हणून अर्जाची तारीख, अपिलाची तारीख. मग 'अपिलार्थी हजर. जन माहिती अधिकारी हजर. उभयतांचे म्हणणे ऐकून घेतले.' मग खाली 'आदेश' असं मधोमध अधोरेखित आणि त्याच्याखाली 'जन माहिती अधिकारी यांनी अपिलार्थी यांस नियमानुसार माहिती उपलब्ध करून द्यावी. अपील निकाली काढण्यात येते.' सही, गोल शिक्का. संपलं. किती दिवसांत द्यावी, ते नाही. अर्जातल्या पाच मुद्द्यांपैकी कोणत्या मुद्द्याची द्यावी, ते नाही. ३० दिवस उलटून गेलेत म्हणजे कलम ७(६) प्रमाणे फुकट द्यायची की पानाला दोन रुपये घ्यायचे, तेही नाही. आधी का दिली नाही याबद्दल तर चकार शब्द नाही. अर्जदाराचं नाव बदलून हाच मजकूर दुसऱ्या अपिलाला, तिसऱ्या अपिलाला, कॉम्प्युटरवर एकच फाईल उघडी ठेवलेली असते बहुतेक. एकदा तर घाईत मागच्या माणसाचं नाव तसंच राहिलेलं होतं आदेशात.

असा आदेश हातात घेऊन माणूस बाहेर येतो तेव्हा तो खूश असतो हो. त्याला वाटतं जिंकलो. मग महिना जातो, माहिती येत नाही, विचारायला गेलं तर क्लार्क म्हणतो साहेबांनी 'नियमानुसार' म्हटलंय, आम्ही नियमानुसारच करतोय. आता काय करणार, दुसरं अपील. वर तुमच्या रजिस्टरला ते प्रकरण 'निकाली' म्हणून दिसतं, मासिक अहवालात शिल्लक अपिलं निरंक, आणि वरच्या साहेबांकडे तुमची वाहवा.

आता त्या उभं राहण्याबद्दल. एका नगरपालिकेतली गोष्ट आहे, गाव सांगत नाही. एक मावशी आहेत, धुण्याभांड्याची कामं करतात, त्यांच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि पहिल्याच पावसात त्याची खडी वर आली. त्यांना पाहिजे होतं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली, जिला सगळे एम.बी. म्हणतात ती. एवढी तीन कागदं. अर्जाला उत्तर आलं की 'मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही'. अंदाजपत्रकाची झेरॉक्स प्रश्नार्थक कशी असते हे मला अजून कळलेलं नाही. तर अपील केलं, सुनावणीचं पत्र आलं, आदल्या दिवशी संध्याकाळी बरं का, मावशींनी एका दिवसाची कामं बुडवली आणि आम्ही दोघी गेलो. अकराची वेळ दिलेली, एक वाजता आत बोलावलं. आत जन माहिती अधिकारी साहेबांच्या समोरच्या खुर्चीत चहा पीत बसलेले. आम्ही दाराशी उभ्या. ज्याच्याविरुद्ध अपील आहे तो खुर्चीत आणि जिने अपील केलंय ती उभी, आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, चहा पिणाऱ्या त्या भल्या माणसालासुद्धा नाही.

साहेबांचा पहिला प्रश्न, "काय करणार आहात हो एवढ्या माहितीचं?" कलम ६(२) म्हणतं की अर्जदाराला कारण विचारायचंच नाही. पण मावशी घाबरल्या नाहीत, त्या म्हणाल्या, "साहेब, रस्ता माझ्या दारात आहे, एम.बी. त्यांच्या कपाटात आहे, दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघायचंय." त्याच्यावर खोलीतले सगळे हसले, साहेबपण हसले, आणि मग तोच आदेश. नियमानुसार. ती एम.बी. त्या क्षणी कुठे होती माहितीये? पलीकडच्या खोलीत, बांधकामच्या कपाटात. शिपायाला हाक मारली असती तर चहा संपायच्या आत टेबलावर आली असती, मावशींनी पानं बघितली असती, पाहिजे त्या पानांची झेरॉक्स घेतली असती, सगळा विषय संपला असता. हे फक्त तुम्हीच करू शकता, दुसरं कुणी नाही. आयोग मुंबईत किंवा पुण्यात बसून ते कपाट उघडू शकत नाही. तुम्ही नुसतं बेल वाजवून उघडू शकता.

आणि उशीर झाला म्हणून काय बिघडतं असं कुणाला वाटत असेल तर रस्त्याचंच उदाहरण पुरे. प्रत्येक टेंडरात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. काम कधी पूर्ण झालं, जाडी किती दाखवली, मुदत कधी संपते हे सगळं त्याच कागदांत. आता समजा अर्जाला महिना, तुमच्याकडे दोन महिने, आणि मग दुसरं अपील आयोगाकडे जाऊन दोन-तीन वर्षांनी बोर्डावर आलं, तर माहिती मिळेपर्यंत ठेकेदाराची मुदत संपलेली, अनामत रक्कम त्याला परत गेलेली, आणि त्याच गल्लीत त्याच रस्त्याचं नवीन टेंडर निघालेलं. माहिती 'मिळाली' म्हणायची, पण तिचा उपयोग काय, लोणचं घालायचं?

आयोगाची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. किंबहुना ठाऊक आहे म्हणूनच तुम्ही निर्धास्त असता असा माझा संशय आहे. ऑक्टोबर २०२३ मधे सुप्रीम कोर्टापुढे आकडे आले तेव्हा महाराष्ट्राच्या आयोगात मुख्य आयुक्ताचं पद रिकामं, चारच आयुक्त कामावर आणि तुंबलेली अपिलं-तक्रारी १ लाख १५ हजारांच्या वर. देशात सगळ्यात जास्त. कायद्याप्रमाणे मुख्य आयुक्त अधिक दहा आयुक्त नेमता येतात. २०१९ मधेच सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की जागा रिकामी व्हायच्या आधीच भरतीची प्रक्रिया सुरू करा, तरी ही गत, आणि मग २०२३ मधे कोर्टाला म्हणावं लागलं की असंच चाललं तर हा कायदा नुसता कागदावर उरेल. नेमणुका करणं तुमच्या हातात नाही, मान्य. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, आयोग अर्धा रिकामा ठेवणं सगळ्यांनाच सोयीचं पडतं, त्याचा राग तुमच्यावर काढत नाही. पण ते लाखभर कागद आयोगात आले कुठून? आभाळातून तर पडले नाहीत. एकूण एक दुसरं अपील आधी पहिलं अपील होतं, म्हणजे ते तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावरून गेलंय. त्यातली अर्धी जरी तुम्ही कपाट उघडून तिथेच मिटवली असती तर आयोगाला आज श्वास घेता आला असता.

दंडाचं म्हणाल तर कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, आणि तोही फक्त जन माहिती अधिकाऱ्याला. तुम्हाला काहीच नाही. कायदा करणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी चूक होती असं माझं स्पष्ट मत आहे. वरिष्ठ माणूस आहे, तो जबाबदारीने वागेल, त्याला दंडाची भीती कशाला, असं धरून चालले ते. आणि आता प्रत्यक्षात काय होतं ते तुमच्याच ऑफिसातल्या खालच्या लोकांना विचारा. जन माहिती अधिकारी म्हणून नाव कुणाचं, तर एखाद्या कनिष्ठ माणसाचं, कधी ग्रामसेवक, कधी अव्वल कारकून, कधी नुकतंच प्रमोशन झालेली कार्यालय अधीक्षक. फाईल असते अभियंत्याकडे, अभियंता तिला विचारतसुद्धा नाही, तो थेट साहेबांचं ऐकतो. तिने फाईल मागितली तर 'बघू, देतो'. कलम ५(४) आणि ५(५) प्रमाणे ज्याच्याकडे फाईल आहे त्याने मदत केली नाही तर तोच जन माहिती अधिकारी मानला जातो, पण हे त्या अभियंत्याला लेखी कळवायची हिंमत तिच्यात कुठून येणार? आणि २५ हजार कापले जातात तिच्या पगारातून. अशा एक बाई मला स्वतः म्हणाल्या की ताई तुम्ही अपील करा म्हणजे मला साहेबांच्या लेखी आदेशाने तरी फाईल मिळेल. म्हणजे खालची माणसं तुमच्या आदेशाची वाट बघतायत आणि तुम्ही त्यांना 'नियमानुसार' पाठवताय.

दंड लावायचा अधिकार तुम्हाला नाही हे खरं. पण वरिष्ठ म्हणून कारणे दाखवा नोटीस काढायला, त्या अभियंत्याच्या नावानिशी आदेशात नोंद करायला कुणी हात धरलेत? एरवी रजा न सांगता घेतली तर लगेच नोटीस निघते. आपल्या राज्यात तर दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे, बदल्यांच्या २००५ च्या कायद्यातच तो आहे, फाईल कुणाच्याही टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं म्हणणारा. कुणावर लागलेला तुम्ही शेवटचा कधी ऐकलात?

मग तो लाडका शेरा, 'सदर अभिलेख शोध घेतला असता आढळून येत नाही'. यात तुम्ही फार पटकन मान डोलावता. जन माहिती अधिकारी म्हणतो नस्ती, म्हणजे फाईल, सापडत नाही, तुम्ही लिहिता 'माहिती उपलब्ध नसल्याने देता येत नाही', अपील निकाली. अहो, कलम ८ आणि ९ मधे माहिती नाकारायची जी कारणं दिलीयत त्यात 'सापडत नाही' हे कारणच नाहीये. दिल्ली हायकोर्टाने २०१३ मधे विश्वास भांबुरकर प्रकरणात हेच सांगितलं की जी माहिती कधीतरी ऑफिसात होती ती नुसतं सापडत नाही म्हणून नाकारता येणार नाही, नीट शोधा आणि तरी नाही मिळाली तर जबाबदारी निश्चित करा. आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ तर आपल्याच विधिमंडळाचा, बेकायदा कागद नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. अ वर्गातली नस्ती कायम ठेवायची, ब वर्गातली ३० वर्षं, ड वर्गातली वर्षभराने फाडता येते पण फाडायचीसुद्धा नोंद ठेवावी लागते. सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे कागद वर्गवारीने सहा गठ्ठ्यांत लावायची रीत, तुमच्या ट्रेनिंगमधे शिकवतात ना, मग त्यातल्या पाचव्या-सहाव्या गठ्ठ्याची यादी दाखवा म्हटलं की सगळे एकमेकांकडे का बघतात. निदान एवढं तरी विचारत जा सुनावणीत की बाबा नष्ट केली असेल तर नष्ट केल्याच्या रजिस्टरची नोंद दाखव, अभिलेख कक्षात पाठवली असेल तर जावक क्रमांक दाखव. हे दोन प्रश्न विचारले की निम्म्या हरवलेल्या नस्त्या दुपारपर्यंत सापडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका तहसीलदार मॅडमनी असं केलं होतं, जन माहिती अधिकाऱ्याला सांगितलं की नस्ती किंवा रजिस्टर, दोन्हीपैकी एक चार वाजेपर्यंत, नाहीतर मी आदेशात लिहिणार की पोलिसांत तक्रार द्या. साडेतीनला फाईल आली. त्यांची बदली झाली पुढे, नेहमीच्या वेळेलाच, त्यात काही काळंबेरं नव्हतं, पण आम्हाला चुकल्यासारखं झालं.

आता नवीन हत्यार मिळालंय तुम्हाला, 'वैयक्तिक माहिती'. जुनं होतंच, सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालापासून कुठल्याही कर्मचाऱ्याची कसलीही माहिती मागितली की वैयक्तिक म्हणून परत यायची. पण तेव्हा ८(१)(ञ) मधे निदान लिहिलेलं होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा खाजगीपणावर विनाकारण घाला होत असेल तर नाकारा, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातल्या कलम ४४(३) ने ते सगळं काढून टाकलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलंय. हा बदल वाईट आहे, राजपत्रात येऊन चुकला म्हणून तो चांगला होत नाही, पण तो तुम्ही केलेला नाही, दिल्लीत झाला.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. कलम ८(२) जसंच्या तसं आहे, जनहित मोठं असेल तर माहिती द्यायची, मग ती ८(१) मधे बसत असली तरी. आणि कलम ४(१)(ख) ला कुणी हात लावलेला नाही. त्यात सतरा बाबी आहेत ज्या तुम्ही न मागता जाहीर करायच्यात, कायदा आल्यापासून १२० दिवसांत करायच्या होत्या, म्हणजे २००५ मधेच. त्यातच प्रत्येक अधिकारी कर्मचाऱ्याचा मासिक पगार आहे, अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील आहे, परवाने सवलती कुणाला दिल्या ते आहे. मग घरकुलाची लाभार्थी यादी मागितली तर ती वैयक्तिक कशी? जी भिंतीवर लावायची ती यादी तुम्ही कपाटात ठेवून त्यावर 'वैयक्तिक' लिहिताय. आधार नंबर, बँक खातं, फोन नंबर खोडा, जरूर खोडा, कलम १० त्यासाठीच आहे, तेवढा भाग काळा करून बाकीचं द्या. मजुरांची हजेरीपत्रकं बघूनच तर मेलेल्या माणसांच्या नावाने उचललेली मजुरी उघडी पडते, राजस्थानात अरुणा रॉय आणि मजदूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात गावोगाव जनसुनवाई घेतली ती अशीच नावं मोठ्याने वाचून. नावं काढून टाकली तर त्या कागदात राहतं काय.

ब्लॅकमेलिंगचा मुद्दा येणार तुमच्याकडून, प्रत्येक वेळी येतो, आणि तो खोटा नाही. अर्ज टाकायचा, बिल्डरला नाहीतर इंजिनिअरला फोन करायचा, 'मिटवून' घ्यायचं, असे लोक आमच्याही तालुक्यात आहेत, त्यांच्या गाडीच्या काचेवर 'माहिती अधिकार' असा स्टिकर असतो, त्यांना तुम्ही चहा पाजता आणि मावशींना उभं ठेवता. मला सांगा, ब्लॅकमेलवाल्याचा धंदा कशावर चालतो? माहिती दडलेली आहे यावर. तीच एम.बी. वेबसाईटवर असती तर तो काय विकणार होता? त्याला हटवायचा सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्या स्कॅनरमधे आहे. आणि दुसरी बाजू पण बघा की. १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाडेला सतीश शेट्टींचा सकाळी फिरायला गेले असताना खून झाला, जमिनीचे गैरव्यवहार बाहेर काढणारा माणूस. माहिती मागणाऱ्यांवरच्या हल्ल्यांत आपलं राज्य देशात वरच्या नंबरला आहे. गैरव्यवहार उघड करणाऱ्या जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मधे झाला पण अजून लागू केलेला नाही. अशात कुणी साधा अर्ज घेऊन तुमच्यासमोर येतो तेव्हा त्याच्या नावाची बातमी ठेकेदाराला तुमच्याच ऑफिसातून संध्याकाळपर्यंत पोचते, हे थांबवणं तरी नक्की तुमच्या हातात आहे.

हे सगळं जिथे चाललंय तो महाराष्ट्र आहे याचं जास्त वाईट वाटतं. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला, आपला त्याच्या आधीच होता. अण्णा हजारेंच्या उपोषणामुळे २००३ मधे राष्ट्रपतींची सही झाली त्यावर, आणि केंद्राच्या कायद्यात बऱ्याच गोष्टी आपल्याकडच्या आल्या असं जाणकार सांगतात. पुणे महापालिकेत २००९ पासून दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कुणीही येऊन कागद बघावेत अशी सोय सुरू झाली, अर्जसुद्धा न करता, आणि ती इतकी चांगली चालली की २६ नोव्हेंबर २०१८ ला शासनाने निर्णय काढून जिल्ह्यातली कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था सगळीकडे लागू केली. 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' काढलेला निर्णय आहे तो, शासनाच्या वेबसाईटवर आहे. आमच्याकडच्या एका ऑफिसात सोमवारी तीन वाजता जाऊन मी विचारलं तर खिडकीवरचा माणूस म्हणाला असा काही निर्णय आमच्यापर्यंत आलेला नाही. मी मोबाईलवर काढून दाखवला तर म्हणाला मोबाईलवरचं चालत नाही. प्रिंट नेली तर म्हणाला साहेबांची सही आणा!

म्हणून मागणी फार मोठी नाहीये. सुनावणीची नोटीस निदान सात दिवस आधी पोचू द्या, व्हॉट्सअॅपवर पाठवली तरी चालेल. ज्याच्याकडे कागद आहे त्यालाच कागद घेऊन सुनावणीला बोलवा, नुसत्या जन माहिती अधिकाऱ्याला बोलावून उपयोग नाही. दोघांना खुर्ची द्या नाहीतर दोघांना उभं करा. आदेशात मुद्दा क्रमांक, तारीख, फुकट की पैसे घेऊन, नाकारताय तर कुठलं कलम आणि का, एवढं असलं की अर्धं पान होतं. आणि सगळे आदेश महिन्याच्या शेवटी वेबसाईटवर टाका, अर्जदाराचं नाव झाकून. आयोगाचे निर्णय ऑनलाईन बघता येतात, तुमचेच तेवढे कुणाला दिसत नाहीत. एकदा का ते लोकांसमोर आले की 'नियमानुसार' लिहिताना पेन जरा थांबेल.

तोवर मी एक करणार आहे. आमच्या तालुक्यातल्या सगळ्या ऑफिसांत पुढच्या आठवड्यात एकच अर्ज टाकतेय. विषय एकच, शब्द दीडशेच्या आत, २०१२ च्या नियमात बसणारा. गेल्या तीन वर्षांची प्रथम अपील नोंदवही, प्रत्येक अपील आलं कधी, सुनावणी कधी, निकाल कधी, आणि सगळ्या आदेशांच्या प्रती. बाकीच्या तालुक्यांतल्या वाचणाऱ्यांनी पण टाका, मसुदा कुणाला पाहिजे असेल तर देते. दहा रुपयांचा स्टॅम्प लावलाय, पानाचे दोन रुपये भरायची तयारी आहे. तीस दिवसांत माहिती आली तर छान. नाही आली तर त्याचं अपील कुणाकडे येणार आहे ते तुम्हाला सांगायला नको.

आपली,
जोडपत्र ब घेऊन नेहमी येणारी